खानदेशच्या दळणवळणाची इतिहाससाधने आणि डिजिटल ग्रंथालये : एक परीक्षण

खानदेश हा वाटांचा प्रदेश आहे, हे नकाशा पाहणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारी मोगलकालीन वाट तापीच्या खोऱ्यातून गेली. मुंबई-आग्रा रस्ता मालेगाव, धुळे, शिरपूर करीत सेंधव्याच्या बाजूने सातपुडा चढला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने चाळीसगाव, पाचोरे, जळगाव असा मार्ग धरला आणि भुसावळास तिचे दोन फाटे झाले. त्यांपैकी एक १८६७ साली नागपुरास पोचला व दुसऱ्याच्या वाटेने १८७० साली जबलपुरास ईस्ट इंडियन रेल्वेशी सांधा जुळून मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग सलग झाला. इतके असूनही या प्रदेशाच्या दळणवळणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास कालपरवापर्यंत मुंबईचे पुराभिलेखागार, पुण्याचे पेशवे दप्तर आणि साधलेच तर लंडनचे इंडिया ऑफिस यांच्या पायऱ्या चढाव्या लागत. जळगावच्या किंवा धुळ्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास हा खर्च झेपण्यासारखा नव्हता व नाही. डिजिटल ग्रंथालयांनी ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. परंतु अडचण दूर झाली म्हणजे इतिहास हाती आला, असे समजण्याचा जो प्रघात अलीकडच्या प्रबंधांतून दिसू लागला आहे, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आज उपलब्ध असलेल्या संग्रहांची मांडणी अशी आहे की तीतून रस्ता, रूळ आणि पूल यांचा इतिहास सहज निघतो. माल वाहणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र त्याच संग्रहांत असूनही सापडत नाही. दोष कागदांच्या अभावाचा नाही. कागदांना जी नावे दिली गेली व ज्या वर्गांत ते घातले गेले, त्या नावांचा व वर्गांचा तो दोष आहे.

परिवहन या एकाच विषयास वाहिलेले डिजिटल संशोधन-ग्रंथालय कसे असते हे पाहावयाचे तर अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन ग्रंथालयाकडे पाहावे. १९९८ च्या कायद्याने ते स्थापन झाले व तेथील परिवहन खात्याच्या सांख्यिकी विभागाकडे सोपविण्यात आले. ‘रोझा पी’ या नावाने त्याचा खुला संग्रह आज चालतो. सरकारी पैशाने झालेले संशोधन लोकांस विनामूल्य मिळाले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व आहे. अहवालांस स्थिर ओळखक्रमांक दिलेले असतात, त्यामुळे पाच-दहा वर्षांनी तळटीप पडताळून पाहता येते. तेथील परिवहन संशोधकांनी विषयाची एक नियंत्रित शब्दसूचीही तयार केलेली आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे परिवहन ग्रंथालय तर १९५८ पासूनचे आहे. म्हणजे यंत्रे येण्यापूर्वी चाळीस वर्षे तेथे हा विषय स्वतंत्रपणे जमविला जात होता. डिजिटल रूप हे या परंपरेचे फळ होय, तिचा आरंभ नव्हे. आपल्याकडे उलटा क्रम चालला आहे: आधी छायांकन, मग सवड झाल्यास सूची.

कायद्याचीही एक बाब येथे नोंदविली पाहिजे. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या लेखनावर स्वामित्वहक्क नसतो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे सरकारी प्रकाशनावर प्रसिद्धीपासून साठ वर्षे सरकारचा हक्क राहतो. जयकर समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था जन्मास आली. तिने ठरविलेली रस्त्यांची मानके देशभर पाळली जातात, पण ती मूल्य देऊन विकत घ्यावी लागतात. रस्ता सार्वजनिक आणि रस्त्याचे शास्त्र मात्र विकत, असा हा प्रकार आहे. मुकुंदराव जयकर हे या समितीचे अध्यक्ष होते, ही गोष्ट मराठी अभ्यासकांच्या सहसा ध्यानी येत नाही; त्यांची आठवण विद्यापीठाच्या संदर्भात निघते, रस्त्यांच्या संदर्भात नाही.

तथापि अमेरिकन नमुना जसाच्या तसा उचलावा असे मला वाटत नाही. तेथील शब्दसूची महामार्ग, विमानतळ, वाहतूक-नियंत्रण आणि अपघात यांसाठी घडलेली आहे. अठराव्या शतकातील खानदेशात माल एका गावाहून दुसऱ्या गावी कसा जाई, हे ज्या शब्दांनी कळते ते शब्द निराळे आहेत: राहदारी, दस्तक, थळभरीत, थळमोड, जकात, तांडा, घाट, उतार. माल भरला त्या ठिकाणची जकात ती थळभरीत आणि विकला त्या ठिकाणची ती थळमोड. पेशवे, होळकर आणि शिंदे यांचे अंमल एकमेकांत गुंतलेल्या या प्रांतात या जकातींचा हिशेब हाच वाहतुकीचा खरा दस्तऐवज होय. हे कागद ‘महसूल’ या सदराखाली ठेवले की वाहतुकीच्या अभ्यासकास ते दिसेनासे होतात.

आता ज्या उदाहरणावर माझे मुख्य प्रतिपादन उभे आहे ते सविस्तर पाहू. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर तेथील कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या हाती आला. धुळे हे त्याने मुख्य ठाणे केले व नव्या पेठेची आखणी केली. फेरिश्त्याच्या इतिहासाचा भाषांतरकार म्हणून तो विद्वानांस ठाऊक आहे. याच ब्रिग्जने बंजाऱ्यांची उत्पत्ती, इतिहास व चालीरीती यांवर एक निबंध लिहिला. तो मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या कार्यवृत्ताच्या पहिल्या खंडात १८१९ साली छापला गेला. त्या काळी दख्खनमध्ये धान्य आणि मीठ हजारो बैलांच्या पाठीवरून वाहून नेणारे लोक हेच, आणि फौजांना, इंग्रजांच्या फौजांनासुद्धा, रसद पुरविणारेही हेच. तेव्हा खानदेशच्या पहिल्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेला हा निबंध दख्खनच्या मालवाहतुकीवरील अत्यंत महत्त्वाच्या छापील साधनांपैकी एक ठरतो. ते कार्यवृत्त आज महाजालावर पूर्ण उपलब्ध आहे. मग परिवहन किंवा वाहतूक या विषयाखाली शोधणाऱ्यास ते का मिळू नये? कारण उघड आहे. सूचीकाराने ते विद्वत्सभेचे कार्यवृत्त म्हणून नोंदले आणि आतील निबंधाचा विचार कोणी केलाच तर तो ‘जाती व जमाती’ या विषयात केला.

हा योगायोग नव्हे. १८८० साली जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशचा आहे. त्यात रस्ते, घाट आणि रेल्वे यांचे विवेचन व्यापाराच्या प्रकरणात येते. वंजारी, लमाण यांचे वर्णन लोकसंख्येच्या प्रकरणात. रूळ हा व्यापाराचा भाग आणि बैलामागे चालणारा माणूस हा मात्र जातीचा नमुना, अशी ही विभागणी आहे. गाडीरस्ते व आगगाडी आल्यावर तांड्यांचा धंदा बसला, ही एकाच घटनेची दुसरी बाजू. पण ती वाचण्यासाठी ग्रंथाची शेकडो पाने उलटून दुसऱ्या प्रकरणात जावे लागते. छापील ग्रंथात निदान दोन्ही प्रकरणे एका पुठ्ठ्यात होती. डिजिटल आवृत्तीत प्रकरणे सुटी झाली की तेवढाही शेजार उरत नाही. पुढे याच समाजातील अनेकांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याची छाया पडली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आला. त्यांच्याविषयीचे कागद मग पोलिसांच्या दप्तरात अधिक सापडतात. एका शतकात वाहतूकदाराचा संशयित झाला, आणि आपली ग्रंथालये आजही त्याला त्याच सदरात शोधावयास सांगतात.

भिल्लांची गोष्टही याच जातीची आहे. सातपुड्यातील व सातमाळ्यातील घाटांची राखण हा अनेक भिल्ल नाईकांचा हक्क होता. वाटसरूकडून त्याबद्दल काही घेण्याचा प्रघात होता. कंपनी सरकारने काही नाईकांस नेमणुका करून दिल्या, काहींवर फौज धाडली, आणि १८२५ साली औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारून धरणगावास तिचे ठाणे केले. या सर्व व्यवहाराचे कागद ‘बंडे’, ‘शांतता व सुव्यवस्था’, ‘सैन्य’ अशा सदरांत विखुरलेले आहेत. घाटाची राखण ही वाहतुकीची संस्था आहे, हे मनात धरून ते वाचले तर निराळाच अर्थ देतात. घाट कोणाच्या भरवशावर चालू होता, हा प्रश्न रस्त्याच्या रुंदीइतकाच परिवहनाचा प्रश्न आहे.

यावर असा आक्षेप येईल की, आता संपूर्ण मजकुरात शब्द शोधण्याची सोय आहे; मग वर्गीकरणाचा बाऊ कशाला? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु शब्दशोध हा माहीत असलेलाच शब्द शोधतो. जुन्या इंग्रजी ग्रंथांत बंजारा हा कोठे ‘ब्रिंजारी’, कोठे ‘बुंजारा’, कोठे ‘लंबाडी’ असतो. धुळ्याची रोमन अक्षरे निरनिराळ्या पाच-सहा प्रकारांनी जुळविलेली दिसतात. खानदेश हा अठराव्या शतकातील लेखकांच्या ग्रंथांत ‘कँडीश’ म्हणून भेटतो. जीर्ण पानावरील अक्षरे यंत्र चुकीची वाचते, हा भाग निराळाच. देवनागरीत तर स्थिती याहून बिकट आहे; शिळाप्रेसवर छापलेला मराठी मजकूर यंत्रास नीट वाचता येत नाही, आणि जेथे रेल्वेस ‘लोखंडी रस्ता’ म्हटले आहे तेथे ‘लोहमार्ग’ शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

स्थळनामांचा घोटाळा केवळ इंग्रजांच्या कानांनी केलेला नाही. आपल्या शासनानेही त्यात भर घातली आहे. १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९६० मध्ये त्यांस जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ च्या १ जुलैस नंदुरबार निराळा निघाला. नंदुरबारचे स्थानक ताप्ती व्हॅली रेल्वेवरचे. तो मार्ग एकोणिसावे शतक संपता संपता तयार झाला तेव्हा स्थानक खानदेश जिल्ह्यात होते, मग पश्चिम खानदेशात, मग धुळ्यात, आता स्वतःच्या नावाच्या जिल्ह्यात. एका फलाटाचे कागद चार जिल्ह्यांच्या नावांखाली शोधावे लागतात. रस्त्यांचेही तेच. धुळे हे राष्ट्रीय महामार्ग तीन, सहा आणि दोनशे अकरा यांच्या संगमावरचे शहर म्हणून एका पिढीस पाठ होते. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर सुरत-नागपूर मार्ग त्रेपन्न झाला. सोलापूरकडून येणारा आणि इंदूरकडे जाणारा हे दोन्ही बावन्न या एकाच क्रमांकात आले. नाशिककडील भागास साठ हा आकडा मिळाला. जुन्या क्रमांकाने लिहिलेला अभियांत्रिकी अहवाल नव्या क्रमांकाने शोधला तर मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणजे तो नाहीच, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतो. मी स्वतः वाचलेल्या एका प्रबंधात हा निष्कर्ष शब्दशः नोंदलेला आहे. ज्यास ग्रंथालयशास्त्रात नामाधिकार-सूची म्हणतात, ती या प्रदेशापुरती तयार करणे हे काम एका पदव्युत्तर वर्गास एका वर्षात करता येण्यासारखे आहे.

टिकाऊपणाविषयी एक दाखला पुरे होईल. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा उपक्रम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने उभा राहिला आणि लाखो ग्रंथांचे छायांकन झाले. ग्रंथनामांच्या नोंदी इतक्या सैल होत्या की मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत ओळखू न येण्याइतकी विरूप झाली. प्रकाशनवर्षेही अनेक ठिकाणी चुकीची पडली. पुढे ते मूळ संकेतस्थळच बंद झाले. ग्रंथ वाचले ते परदेशातील इंटरनेट आर्काइव्हने त्यांच्या प्रती आधीच घेऊन ठेवल्या म्हणून. ज्यांनी प्रबंधात मूळ पत्ते दिले होते त्यांच्या तळटीपा मात्र आंधळ्या झाल्या. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’, खरगपूरच्या संस्थेने चालविलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची ‘ग्रंथसंजीवनी’ हे उपक्रम याहून अधिक काळजीने चाललेले आहेत, परंतु त्यांपैकी कोणाचाही विषय परिवहन हा नाही व असावा अशी अपेक्षाही नाही. नकाशांचे दुखणे तर सर्वत्र सारखेच: ग्रंथाच्या शेवटी घडी घालून लावलेला नकाशा छायांकन करणाराने उलगडलाच नाही, आणि वाचकाच्या पदरी घडीची पाठ पडली, असा अनुभव प्रत्येक अभ्यासकास एकदा तरी आलेला असतो. रस्त्यांच्या इतिहासात नकाशा म्हणजे परिशिष्ट नव्हे, तो पुरावाच असतो.

मराठी कागदांकडे वळले की प्रश्नाचे स्वरूप पालटते. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले आणि त्यांच्या संग्रहाच्या रक्षणासाठी १९२७ साली तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. समर्थ वाग्देवता मंदिराचा हस्तलिखितसंग्रहही धुळ्यातच आहे. म्हणजे मोडी व बाळबोध साधनांच्या बाबतीत खानदेश परावलंबी नाही. मोडी लिपीस २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे मोडी मजकूर संगणकावर मोडीतच लिहिणे शक्य झाले. पण लिपीला स्थान मिळणे निराळे आणि हस्तलिखित मोडी यंत्राने वाचणे निराळे. लेखणीगणिक वळण बदलणारी ही लिपी वाचण्यास आजही माणूसच लागतो. तेव्हा प्रत्येक कागदाचे छायाचित्र टाकण्यापेक्षा प्रत्येक कागदाचा चार ओळींचा मराठी गोषवारा, त्यातील स्थळे, माल, जनावरांची संख्या, जकातीची रक्कम आणि तिथी यांसह देणे अधिक उपयोगी ठरेल. राजवाड्यांनी साधने छापली ती केवळ नकला म्हणून नव्हे. प्रस्तावना, टीपा आणि मतभेद यांसह छापली. छायाचित्रांच्या ढिगास त्यांनी साधनग्रंथ म्हटले असते असे मला वाटत नाही.

येथे साहित्याचे विद्यार्थीही मागे राहू नयेत. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची चर्चा सत्तावनच्या संदर्भात व गद्यशैलीच्या संदर्भात पुष्कळ झाली. परंतु वरसईचा एक भिक्षुक सातपुडा ओलांडून महूच्या बाजूस कसा गेला, कोणाची सोबत धरून, किती मजला करीत, या दृष्टीने तो ग्रंथ वाहतुकीचे साधन म्हणून फारसा वाचला गेलेला नाही. ग्रंथालयाच्या नोंदीत तो ‘प्रवासवर्णन’ अथवा ‘इतिहास’ राहतो, आणि परिवहनाचा अभ्यासक त्याच्या वाटेस जात नाही.

जवळच्या काळाविषयी माझी तक्रार अधिक तीव्र आहे, कारण तेथे वेळ उरलेला नाही. पाचोरे-जामनेर ही अरुंद मापाची गाडी, जिला सारा परिसर ‘पीजे’ म्हणून ओळखत असे, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली आणि १०० वर्षे चालून मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. पुढे तो मार्ग रुंदीकरणाच्या योजनेत गेला. तिची छायाचित्रे हौशी लोकांनी शेकड्यांनी काढून ठेवली आहेत. पण तिच्यातून बाजारास कोण जात असे, डब्यातून काय चढत असे, पावसाळ्यात ती कोठे अडत असे, हे ज्यांना ठाऊक आहे ते गार्ड, फाटकवाले आणि नित्याचे उतारू अद्याप हयात आहेत, आणि त्यांच्या आठवणी कोणत्याही ग्रंथालयाच्या व्याख्येत बसत नाहीत. तीच गोष्ट रावेर-सावद्याच्या केळीची. उत्तरेकडे वॅगन भरून जाणारी केळी पुढे मोठ्या प्रमाणावर ट्रकांकडे वळली; हा बदल ज्यांनी घडताना पाहिला त्या दलालांच्या व केळी-संस्थांच्या चोपड्या रद्दीच्या भावाने जात आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी बस धावली हे सर्वांस पाठ आहे. खानदेशातील आडगावी पहिली एस. टी. केव्हा गेली हे सांगणारे वेळापत्रक मात्र जपून ठेवण्याच्या योग्यतेचे कोणास वाटले नाही.

मग करावयाचे काय? नवे प्रचंड छायांकन हाती घेण्याचा सल्ला मी देणार नाही. जे आधीच उपलब्ध आहे त्याची खानदेशच्या वाटांप्रमाणे मांडणी करावी, एवढीच सूचना आहे. वर्गीकरणाचे एकक विषय नसून वाट असावे. वाट हे एकक धरले की रस्ता बांधणारा, राखणारा, वाहणारा आणि जकात घेणारा हे चौघेही आपोआप एका ठिकाणी येतात.

आरंभ सुरत-बऱ्हाणपूर वाटेने करावा. सर टॉमस रो १६१५ साली याच वाटेने बऱ्हाणपुरास गेला. तावेर्नियेने नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे, रावेर हे टप्पे कोसांसह नोंदले आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाची तारीफ करून ठेवली. ही वाट थाळनेरास तापीच्या उत्तर तीरावर जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वे आली तेव्हा ती दोंडाईचे, अमळनेर, धरणगाव अशी दक्षिण तीरानेच जळगावास गेली. फारुकींची जुनी राजधानी थाळनेर आणि बाजारपेठ चोपडे ही दोन्ही रुळांपासून दूर पडली व आजही दूरच आहेत. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या धुळ्यालासुद्धा मुख्य मार्ग मिळाला नाही, चाळीसगावहून फाटा मिळाला, तोही १९०० साली. मनमाड-इंदूर मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळण्यास २०२४ चा सप्टेंबर उजाडला. या एका वाटेखाली तावेर्नियेचे टप्पे, ब्रिग्जचा निबंध, गॅझेटियरमधील व्यापाराचे व लोकसंख्येचे अशी दोन्ही प्रकरणे, धुळ्याच्या दप्तरांतील थळभरीत-थळमोडीचे कागद आणि चोपड्याच्या एस. टी. स्थानकाची वेळापत्रके एकाखाली एक लावता येतील. त्यांपैकी पहिली तीन साधने आज कोणासही घरबसल्या उघडता येतात. चौथ्यासाठी मोडी वाचणारा विद्यार्थी हवा, आणि पाचव्यासाठी चोपड्यास जावे लागेल.